सगुणाबाईच्या गुडघ्याचं व्रत

या बायांनो, जरा पुढं सरकून बसा. ती मागची, दाराच्या चौकटीला टेकलेली, तूही ये. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की उठ, तोवर घरात कोणी उपाशी मरत नाही. आज एका गुडघ्याची कथा ऐकायची आहे. गुडघा उजवा, वय सत्तेचाळीस, राहणार ठाणे, वर्तकनगर, हाउसिंग बोर्डाची बिल्डिंग नंबर अठरा. मन लावून ऐकाल तर पुण्य किती लागेल ते देव जाणे, पण गुडघ्यांचं भलं होईल एवढं नक्की.

त्या गुडघ्याच्या मालकिणीचं नाव सगुणा. वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. आठ तास स्टुलावर बसायचं आणि कॅल्शियमच्या गोळ्या डब्यांत भरायच्या. अर्ध्या देशाची हाडं या बाईच्या हाताखालून मजबूत होऊन गेली, पण तिच्या स्वतःच्या डब्यात कालची चपाती, लोणच्याची फोड आणि नवऱ्याने ताटात टाकलेली भाजी. पहाटे पाचला उठायचं, स्टो पेटवायचा, तीन डबे भरायचे, साडेसहाला नळ आला की पिंप भरायचं आणि पावणेआठची कंपनीची बस पकडायची. आल्यावर तेच उलट क्रमाने.

या सगळ्यात वर्षातून आठ दिवस मात्र तिचे होते. चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह बसे. कल्याणहून धोंडिबाबुवा कीर्तनाला येत, आणि त्यांच्या मागे जे टाळकरी उभे राहत त्यांत डाव्या टोकाला सगुणा असे. तिच्या वडिलांचे काशाचे टाळ होते. वडील गेल्यावर भावांनी घर घेतलं, हिने टाळ मागून घेतले. बाईमाणूस टाळ घेऊन उभं राहणार म्हटल्यावर पहिल्या वर्षी कुजबुज झाली होती. बुवा म्हणाले, "टाळाला बाई-पुरुष कळत नाही, ताल कळतो. राहा गं माय उभी." तेव्हापासून नऊ वर्षं ती उभी होती. टाळ हातात असला की तिला वाटे, आपण कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, पॅकिंगची चौदा नंबरही नाही. आपण नुसता आवाज आहोत, आणि तो आवाज देवाला ऐकू जातो आहे.

मग गेल्या सालचं काल्याचं कीर्तन आलं. बुवा ऐन रंगात होते, दुसरा तास लागला होता, आणि सगुणाच्या उजव्या गुडघ्याने अचानक राम म्हटला. ती खाली बसली. बसली ती थेट दामाजी पेटीवाल्याच्या पेटीवर. दामाजीचा हात भात्यावर चालूच होता. सृष्टी निर्माण झाल्यापासून जे सूर एकमेकांच्या शेजारी कधी नांदले नव्हते, ते सगळे एकदम ओरडून उठले. बुवांनी डोळे मिटून हात वर केला आणि म्हणाले, "हाच तो, संत सांगतात तो नाद." मंडपातल्या दोनशे लोकांनी माना डोलावल्या. समोरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

देवाची लाज राहिली, सगुणाची नाही. देवळाचे पुजारी हरिहर हेच टाळकऱ्यांचे मुख्य. काला वाटून झाल्यावर ते म्हणाले, "सगुणाबाई, पेटीच्या तीन पट्ट्या गेल्या. पुढच्या वर्षी तुम्ही आपल्या खाली सतरंजीवर, म्हाताऱ्यांच्यात."

"आणि उभी राहू शकले तर?"

"बघू," हरिहर म्हणाले. त्यांच्या 'बघू'मध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

आता झालं असं, की बाईचा गुडघा दुखतो म्हटल्यावर औषध माहीत नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात सापडत नाही. वरच्या मजल्यावरच्या मालूबाईने एरंडेल सांगितलं, कारखान्यातल्या शकूने लसणीचं तेल, बसमधल्या कुणीतरी हळद आणि चुना. सगुणाने वेळ वाचवायला सगळं एकदमच लावलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तिला आख्खं बाकडं एकटीला मिळालं. गुडघा होता तसाच.

संक्रांत झाली, आणि शेवटी ती नाक्यावरच्या कांता डॉक्टरीणबाईंकडे गेली. लहानसा दवाखाना. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बाकावर खोकणारी रांग. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या आसपासच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, वजन घेतलं, बीपी बघितलं, रक्त तपासून आणायला लावलं. दोन दिवसांनी रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"साखर ठीक आहे. रक्त कमी आहे. गुडघ्याची झीज आहे थोडी, पण त्याने पेटीवर बसायची वेळ येऊ नये. मांडीत ताकदच नाही तुमच्या. जेवता किती वाजता?"

"सगळ्यांचं झालं की."

"म्हणजे किती वाजता?"

"सगळे किती वाजता जेवतात त्यावर आहे."

"गरम?"

सगुणा नुसती हसली. हा प्रश्न तिला लग्नानंतर कुणी विचारला नव्हता.

"दिवसा कधी पाठ टेकता?"

"रविवारी टेकले असते, पण रविवारी चादरी असतात."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात सगुणाचं लक्ष टेबलावर गेलं. तिथं एक स्टीलचा डबा होता, झाकण न उघडलेला. बाहेर दिवेलागण झाली होती. "हा रात्रीचा का?" तिने विचारलं.

"दुपारचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तो रजिस्टरच्या मागे सरकवला. "माझं राहू दे. आपण तुमचं बोलतोय."

मग त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. डॉक्टर असून अक्षर वाचता येत होतं. "औषध एकच आहे," त्या म्हणाल्या, "रक्ताच्या गोळ्या. बाकी सगळं तुम्हीच करायचं, म्हणून नीट लिहिते." रोज सकाळी अर्धा तास भरभर चालायचं, पायांत कॅनव्हासचे बूट घालून. वाटेत गप्पा नाहीत, कारण गप्पा आल्या की पाय थांबतात. दिवसाला आठ ग्लास पाणी. मूठभर भिजवलेले हरभरे, नाचणीची भाकरी, पालेभाजी. संध्याकाळी घरी आल्यावर दहा मिनिटं आडवं पडून पाय भिंतीला लावून वर ठेवायचे, आणि त्या दहा मिनिटांत कुणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करायचा, वीस अंक मोजेपर्यंत तसाच धरायचा. आणि जेवण सगळ्यांच्या बरोबर नाहीतर आधी, बसून, गरम.

"सहा आठवडे करा. मग टाळ घ्या, नाहीतर पखवाज घ्या."

सगुणाने कागद पदरात बांधला. पाणी पिणं जमेल, हरभरे जमतील, पण चालायचं कुठे? रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला, आणि पलीकडच्या गल्लीत कुत्र्यांचं राज्य. राहिलं एकच ठिकाण. मारुतीच्या देवळाला बाहेरून फरसबंदी वाट होती, पार कंपाउंडला वळसा घालणारी. नळ यायच्या आधी अर्धा तास मिळत होता. मुलाचे शाळेतले पी.टी.चे पांढरे बूट माळ्यावर पडून होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगुणा साडीवर ते बूट घालून, ओठ घट्ट मिटून देवळाभोवती भराभर फेऱ्या मारू लागली.

आणि मालूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

तिने तीन फेऱ्या बघितल्या. चौथ्या फेरीला हाक मारली. सगुणाने मान हलवली पण बोलली नाही, कारण गप्पा नाहीत. सात वाजता मालू जिन्यात तिची वाट अडवून उभी.

"काय बोलली आहेस गं मारुतीला?"

"काही नाही. गुडघा दुखतो माझा."

"गुडघ्यासाठी बोललीस?"

"अगं नवस नाही. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय."

मालूने डोळे बारीक केले आणि सगळं कळल्यासारखी हसली. "राहू दे. सांगितलं की फळ जातं म्हणतात. मी नाही विचारत."

त्या संध्याकाळी मालू वाटी परत करायला आली, तर दारात विश्राम, म्हणजे सगुणाचा नवरा, ओठांवर बोट ठेवून उभा. आत सगुणा चटईवर उताणी, डोळे मिटलेले, दोन्ही पाय सरळ भिंतीवर, आणि पायांच्या बरोबर वर मारुतीचं कॅलेंडर. दहा मिनिटं ओ देणार नाही असं तिने विश्रामला बजावलं होतं, आणि तो बिचारा कंपनीतला फोरमन असूनही तिला घाबरून होता. मालूने वाटी खाली ठेवली. लांबूनच सगुणाच्या पायांना नमस्कार केला आणि उलट्या पावली बाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी फेऱ्या मारायला चौघीजणी होत्या. आठवड्याने बारा. शिमग्यापर्यंत चाळीस. सगळ्या साडीवर पांढरे बूट घालून, एकीच्या मागे एक, तोंड मिटून. वर्तकनगरातल्या चाळीस बाया अर्धा तास बोलत नाहीत हे बघायला दूधवाला सायकल थांबवून उभा राहू लागला. जांभळी नाक्यावरच्या दुकानात पाच आणि सहा नंबरचे कॅनव्हासचे बूट संपले. यंदा शाळा लवकर सुरू होतात की काय, असं दुकानदार गिऱ्हाइकांना विचारू लागला.

सगुणा भेटेल तिला सांगत होती, "बाई गं, हा व्यायाम आहे." त्या म्हणत, "हो हो." आणि दुसऱ्या दिवशी हरभरे भिजवून कितीची मूठ घ्यायची ते विचारायला येत. सहा आठवड्यांचे मालूने बेचाळीस दिवस केले होते. बेचाळीस या आकड्यामागे काहीतरी गूढ आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. तिने नियम लिहून काढले, नवऱ्याच्या ऑफिसातून सायक्लोस्टाइल करून आणले आणि तळाशी आपल्या पदरचं घातलं, 'ही प्रत अकरा जणींना द्यावी.' प्रती डोंबिवलीला गेल्या. तिथून शेजारच्या दिवा गावात गेल्या. दिव्याला पिण्याच्या पाण्याचीच ओरड, तेव्हा तिथल्या बायांनी आपसांत ठरवून आठ ग्लासांचे सहा केले आणि देवाची क्षमा मागितली.

नियमांतला शेवटचा नियम मालूच्या हातून फार कडक उतरला होता. 'व्रतस्थ बाईने आधी जेवावे, बसून व गरम. पाय वर असताना कोणी हाक मारल्यास व्रत मोडते व पुन्हा पहिल्या दिवसापासून धरावे लागते.'

झालं. अख्ख्या वसाहतीतले नवरे संध्याकाळी चवड्यांवर चालू लागले. विश्रामला एकदा चहापत्तीचा डबा सापडेना. त्याने कागदावर 'चहा कुठे?' असं लिहिलं आणि सगुणाच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर दहा मिनिटं धरून बसला. पण खरा घाव बसला तो हरिहरांना. त्यांची बायको केशरबाई फेऱ्यांत सामील झाली, आणि एके दिवशी हरिहर पाटावर येऊन बसले तर ती शांतपणे जेवत होती. "बसा," ती म्हणाली, "माझं झालं की वाढते."

दुसऱ्या दिवशी पहाटे हरिहर कंपाउंडपाशी आडवे आले. चाळीस जणी बूट करकरवत थांबल्या.

"बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या पंगतीला जेवलो," ते म्हणाले. "सगुणाबाई, हे व्रत कुठल्या पोथीत आहे?"

"काका, हे व्रत नाहीच."

"मग या चाळीसजणी काय करताहेत?"

सगुणाने मागे बघितलं.

"हे बघा," हरिहर म्हणाले, "पोथी नाही ते व्रत नाही. सप्ताहाला बुवा येतील. काल्याच्या दिवशी त्यांच्यासमोर पोथी ठेवायची. पोथी नसेल तर टाळ नाही, आणि हा फेऱ्यांचा प्रकारही बंद."

आता सगुणाच्या जिवाची उलघाल बघा. मांडीत ताकद आली होती. घरात ती रोज टाळ घेऊन उभी राहून बघे. दीड तास, पावणेदोन तास, गुडघा ब्र काढत नव्हता. पण आता अडलं होतं पोथीपाशी. डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला तर हरिहर म्हणणार, हे तर औषधाचं चिटोरं. आणि व्रत नाही असं ठरलं, की चाळीस घरांत बाया पुन्हा शेवटी जेवणार.

विश्राम म्हणाला, "सांग ना, जुनी पोथी होती, पुरात गेली म्हणावं."

"देवासमोर टाळ घेऊन खोटं बोलू?"

मालूने तर जिन्यातच तिचा हात धरला. एवढी बडबडी बाई, पण आवाज खाली गेला होता. "सगुणा, इतकं खरं बोलू नको गं. अठ्ठावीस वर्षं मी पोळ्या फुगवते. परवा पहिल्यांदा फुगलेली पोळी मी फोडली. वाफ बोटाला लागली, आणि मला रडूच आलं. यांना वाटलं भाजलं."

सगुणा त्या रात्री जेवली नीट, पण झोपली नाही.

काल्याचा दिवस उजाडला. दहा वाजता मंडप भरला. दामाजीने शहाणपणा करून पेटी यंदा डाव्या टोकाकडून उचलून उजव्या टोकाला, हरिहरांच्या पायाशी नेऊन ठेवली होती. धोंडिबाबुवा गळ्यात हार घालून उभे राहिले. सगुणा पुढे आली. देव्हाऱ्यातल्या पोथीचं लाल फडकं तिने आणलं होतं. त्यात गुंडाळलेला कागद तिने बुवांच्या हातात दिला.

बुवांनी फडकं सोडलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. हरिहर मान लांब करून बघत होते. बुवांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"हे कोणत्या ऋषींचं?" त्यांनी विचारलं.

"नाक्यावरच्या कांता डॉक्टरीणबाईंचं," सगुणा म्हणाली. "बुवा, हे व्रत नाही. माझ्या गुडघ्याचा व्यायाम आहे."

मंडपात चाळीस माना एकदम हलल्या.

"मग यांना सांगितलं नाहीस?"

"चाळीसही जणींना सांगितलं. एकीने ऐकलं नाही."

"ऐकलं होतं," मालू पहिल्या रांगेतून म्हणाली. "विश्वास नव्हता ठेवला."

बुवांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी कागद समोरच्या चौरंगावर, खऱ्या पोथीशेजारी ठेवला. "माय, टाळ घे. निकाल कीर्तनात लागेल."

आणि त्या दिवशी बुवांनी काल्याच्या आधी निरूपणाला तोच कागद घेतला. ते म्हणाले, "मंडळी, देवाला नैवेद्य गरम की शिळा?" लोक म्हणाले, गरम. "आधी की उरलेला?" लोक म्हणाले, आधी. "दुपारी देवाला आपण पडदा लावून विश्रांती देतो की नाही? त्या वेळी दार वाजवून विचारतो का, देवा, चहापत्तीचा डबा कुठे आहे?" विश्राम खांबामागे सरकला. "आता सांगा, देव काय फक्त गाभाऱ्यातच असतो? हरिहरपंत, तुमच्या घरी जी रांधते तिच्या पोटात कोण बसलंय? देऊळ पडायला आलं तर आपण वर्गणी काढतो. ही देवळं रोज ओट्याशी उभ्याने शिळं खाऊन पडायला आली, तर त्यांच्याभोवती कुणी प्रदक्षिणा घालायची? कुणी घालत नाही, म्हणून बिचाऱ्या स्वतःच घालताहेत."

एक तास झाला. दीड झाला. दोन झाले. बुवा थांबेनात. आज त्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण दर वेळी संपवतायत असं वाटे आणि ते टाळकऱ्यांकडे वळून म्हणत, "वाजवा." सव्वादोन तासांना मधला टाळकरी खांबाला टेकला. त्याच्या शेजारचा हळूच सतरंजीवर गेला. सगुणाचा गुडघा ताठ. तिने मनात वीस अंक मोजले, पाय बदलला, पुन्हा वीस मोजले. वडिलांचे टाळ तिच्या हातांत ऊन झाले होते.

अडीच तासांना हरिहरांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा उचलायला गेले, आणि दोन्ही एकदम उचलता येत नाहीत हे आठवायच्या आत ते खाली बसले.

पेटीवर.

दामाजीचा हात भात्यावर चालूच होता. तेच सूर, तोच कल्लोळ, फक्त या वर्षी पट्ट्या नव्या असल्यामुळे जास्त खणखणीत. बुवांनी डोळे मिटले, हात वर केला. "गेल्या सालचाच नाद," ते म्हणाले. "देव पक्षपात करत नाही."

सगुणाला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पण टाळ चुकला नाही. एकही ठोका चुकला नाही.

निकाल असा लागला: देवता मारुती, पोथी डॉक्टरांची, आणि या व्रताला उद्यापन नाही. उद्यापन नाही म्हणजे हे कधी संपणार नाही, हे नवऱ्यांच्या ध्यानात यायला काला खाऊन संपेपर्यंत वेळ लागला.

द्रोणात काल्याचा प्रसाद घेऊन सगुणा तशीच नाक्यावर गेली. अडीच वाजून गेले होते. डॉक्टरीणबाई उभ्याने एका हाताने पेशंटची जीभ बघत होत्या आणि दुसऱ्या हातात ग्लुकोजचं बिस्कीट होतं. डबा रजिस्टरच्या मागे, झाकण बंद.

"उभी राहिलात ना?" त्यांनी विचारलं.

"अडीच तास."

"छान. मारुती तुमचा, पण कागद माझा होता हे विसरू नका." आणि त्यांनी बिस्किटाचा तुकडा तोडला.

सगुणाने बिस्किटाकडे बघितलं, मग डब्याकडे. ती तशीच बाहेर गेली. पाच मिनिटांत दवाखान्यात पांढऱ्या बुटांची करकर ऐकू आली. मालूने दाराशी स्टूल ओढून ठाण मांडलं आणि रांगेला सांगितलं, "डॉक्टरीणबाई जेवताहेत. मग दहा मिनिटं पाय वर करणार आहेत. ताप असेल त्याने शेवटी यावं... नाही, पहिला यावा, पण नंतर." केशरबाईने घरून डब्यातली भाजी गरम करून आणली. आतून आवाज आला, "अहो, पेशंट आहेत माझे, असं कसं."

"ओ देऊ नका," सगुणा म्हणाली. "दिलीत तर पुन्हा पहिल्या दिवसापासून."

तर बायांनो, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आता उठा. पण उद्या स्वतःसाठी गरम पोळी घ्याल ना, पहिला घास तोंडात घालायच्या आधी नाक्यावरच्या त्या कांता डॉक्टरीणबाईंची एकदा आठवण काढा. नमस्कार नको, नवस नको. एवढंच मनात म्हणा, बाई गं, तुझा डबा उघडलास ना?